देवाच्या घोड्याची फिर्याद

खैरवाडीच्या साळूबाईनं उभ्या आयुष्यात फिर्याद केली ती एकदाच, आणि तीसुद्धा एका घोड्यापायी. बांध कोरणाऱ्या दिरावर तिनं केली नाही, कोंबडी पळवणाऱ्या शेजारणीवर केली नाही. म्हणून ती भांडायला कमी होती असं मात्र कुणी समजू नये. विहिरीवर तिचा आवाज चढला की बाकीच्या बायका घागर अर्धीच भरून पाय काढता घ्यायच्या. पण भांडण जागच्या जागी मिटवावं, त्याला कागद कशाला लागतो, असं तिचं सरळ म्हणणं.

खैरवाडी वडूजपासून तीन कोसांवर. माळरानाचं गाव. बाजरी, मटकी, हुलगा पिकला तर पिकला, आणि घरटी एक माणूस पलटणीत. साळूबाईचा नवरा पोरं लहान असतानाच तापानं गेला. थोरली लीला, तिला सांगलीजवळ कुपवाडला दिली. धाकटा जोतीराम मिसरूड फुटायच्या आत छाती फुगवून भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला. १९४४ सालच्या उन्हाळ्यात त्याची पत्रं यायची थांबली. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. साळूबाई रोज टपालाच्या वाटेवर जाऊन उभी राहायची, आणि टपालवाला लांबूनच मान हलवायचा.

शेवटी तिनं देवाला घोडा बोलला.

गावाबाहेर माळावर खंडोबाचं देऊळ आहे. मातीचा घोडा देवाला कुणीही वाहतं; पण जिवावरचं संकट असलं तर खैरवाडीत जिता घोडा बोलायचा, असा तिथला मोठ्यात मोठा नवस. तीन पिढ्यांत दोघांनीच तसा घोडा सोडला होता, कारण त्याचे नियम फार कडक. देवाच्या घोड्यावर कुणी बसायचं नाही, त्याला कुणी बांधायचं नाही, त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम देणाऱ्याला. ज्यानं घोडा दिला त्यानं पुन्हा त्याला शिवायचं नाही, हातानं चारायचं नाही. शिवला म्हणजे दिलेलं परत घेतलं, आणि मग ज्याच्यासाठी दिलं होतं तेही देव परत घेतो.

साळूबाईनं बिराप्पा धनगराला एक कालवड दिली आणि त्याच्याकडून सहा महिन्यांचं पांढरं शिंगरू घरी आणलं. जोतीराम परत येईपर्यंत ते तिनंच वाढवायचं होतं. दोन वर्षं तिनं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. स्वतः कोरड्यास नसलेली भाकरी खायची आणि त्याच्यापुढं भिजवलेले हरभरे ठेवायची. शिंगरू तिच्या मागं मागं विहिरीपर्यंत जायचं, तिच्या पदराला तोंड पुसायचं. माळावर चरायला सोडलं तर चार घास खाऊन परत दाराशी. लोक हसायचे, म्हणायचे, साळूबाईनं घोडा नाही, नातू पाळलाय.

लढाई संपली आणि १९४६ च्या पावसाळ्यात जोतीराम धडधाकट घरी आला. पत्रं का आली नाहीत विचारलं तर म्हणाला, "आये, तितं खायाला न्हवतं, कागद कुठला आनू?" साळूबाईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि त्या सालच्या चंपाषष्ठीला घोडा सोडायचं ठरवलं.

सोडायच्या आधी आठ दिवस बसून तिनं त्याच्यासाठी काळ्या लोकरीची मोरकी वळली, तोंडावरून, कानांमागून जाणारी, मधे कवड्या ओवलेली. ती हौसेनं घट्ट बसवली, म्हणजे घोडा डोकं हलवील तेव्हा ढिली दिसायला नको. देवळापुढं भंडारा उधळला, केरबा गुरवानं घोड्याच्या कपाळाला हळद लावली, साळूबाईनं "दिला" म्हणून हात सोडला, आणि सगळा गाव येळकोट करत नाचला. जोतीरामाला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. त्या दिवशी साळूबाईइतकं सुखी माणूस खटाव तालुक्यात नसेल.

संध्याकाळी घोडा घरी आला.

त्याला देव काय कळणार? तो आपल्या रोजच्या जागी, दारातल्या दगडाशी येऊन उभा राहिला आणि हरभऱ्याची वाट बघू लागला. साळूबाईनं दार लावून घेतलं. घोड्यानं दाराला नाक घासलं. कवड्या दारावर वाजत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही आला. तेव्हा तिनं काठी घेतली. पहिल्यांदा जमिनीवर आपटली, मग हवेत फिरवली आणि मग एकदा, तोंड दुसरीकडं करून, त्याच्या पाठीत घातली. देवाला दिलेल्या शब्दाशी आपण इमान राखतोय असंच तिला वाटत होतं. घोडा दारात यायचा थांबला. घराच्या मागच्या पडक्या भिंतीआड मात्र तो उभा राहायचा, आणि तिथून हलायचा नाही.

गावाचा घोड्यावर राग नव्हता. उलट जाता-येता लोक त्याला हात जोडायचे. कडब्याची पेंढी टाकायची ती पाटलानं टाकली असेल असं सुताराला वाटायचं, सुतारानं टाकली असेल असं केरबा गुरवाला वाटायचं, आणि केरबाला तर देवाच्या पूजेतनं सवड नव्हती. माळावर चरायची त्याला सवय नव्हती. बरगड्या मोजता येऊ लागल्या. खूर कापायचे तर लोखंड लागणार. तेव्हा ते वाढत वाढत जोड्याच्या टोकासारखे वर वळले. आणि पुढच्या पावसाळ्यात लोकरीची मोरकी भिजून आटली. घोडा अजून वाढीच्या वयाचा. त्याचं तोंड मोठं होत होतं आणि मोरकी लहान होत होती.

श्रावणात साळूबाईनं केरबाला कौल लावायला सांगितलं. देवाच्या अंगाला फूल चिकटवायचं आणि विचारायचं, मोरकी काढू का? उजवीकडचं फूल पडलं तर होय. दोन तास बसले, कुठलंच फूल पडलं नाही. "देवाच्या मनात न्हाई," केरबा म्हणाला. फूल ओलं होतं म्हणून चिकटून बसलं असेल, असं त्या वेळी कुणाला सुचलं नाही. साळूबाईलाही नाही.

घोडा सोडल्यावर जोतीराम पुन्हा पलटणीत गेला होता. दसऱ्याला तो रजेवर आला तेव्हा त्यानं भिंतीआड जाऊन पाहिलं. घाईघाईनं आत येऊन तो चाकू शोधू लागला.

"आये, मोरकी रुतलीया त्याची. कापायला पायजे."

साळूबाईनं त्याचा हात धरला. "तुज्यासाटीच दिलाय त्यो. समद्यांनी हात लावला तरी तू लावू नगंस."

"म्हंजी माज्यापायी त्यानं मरायचं?"

"जोती, माझ्या गळ्याची आन हाय तुला."

जोतीरामानं चाकू ठेवला. चार दिवसांत रजा संपली आणि तो गेला. दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं की पलटण काश्मीरकडं निघालीय, थंडी लय हाय, काळजी करू नकोस. पत्र वाचून दाखवणारे मास्तर शेवटचं वाक्य वाचेपर्यंत साळूबाई उठून भिंतीआड गेली होती. घोडा मान खाली घालून उभा होता. ती त्याच्यापासून चार हातांवर थांबली, कारण त्याहून जवळ जायचं नव्हतं. पोरगं पुन्हा लढाईवर आणि त्याच्या जिवाचा घोडा असा. त्या दिवसापासून तिच्या तोंडाची चव गेली.

मार्गशीर्षात लीलाच्या दुसऱ्या बाळंतपणाला ती कुपवाडला गेली. बाळाचं बारसं झाल्यावर जावयाबरोबर सांगलीच्या बाजारात गेली, तेव्हा वाटेत एका मोठ्या अंगणाचं फाटक उघडं दिसलं. आत म्हातारे बैल, लंगडी गाय, एक आंधळी म्हैस, आणि एका खांबापाशी टांग्याचा थकलेला घोडा. एक माणूस त्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होता. साळूबाई तिथंच उभी राहिली. जावई चार दुकानं पुढं जाऊन परत आला तरी ती तिथंच.

"कुनाची वं ही जनावरं?" तिनं फाटकावरच्या माणसाला विचारलं.

"कुनाचीच न्हाईत. ज्यांना कोन बघत न्हाई ती. कुनी येऊन सांगितलं की आमचा मानूस जातो आन घेऊन येतो."

हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. आपल्याला शिवता येत नाही, गाव शिवणार नाही. पण ज्याला गावाचे नियम माहीतच नाहीत असा कुणी परका येऊन शिवला, तर? देवाचा राग त्याच्यावर कशाला होईल, आणि आपल्यावर तरी कशाला? वकिलालाही न सुचणारी वाट तिला सापडली होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच परत गेली.

आत जीवदया मंडळाचा कारकून होता. त्यानं गाव विचारलं, तालुका विचारला आणि लेखणी खाली ठेवली.

"बाई, खटाव म्हणजे सातारा जिल्हा. हे सांगली संस्थान. आमच्या माणसाला तुमच्या हद्दीत काही करता येत नाही."

"आन घोडा तुमच्या हद्दीत आला आसता तर?"

"तर आत्ता निघालो असतो."

माळावरनं सांगलीपर्यंत घोडा हाकत आणायला किती दिवस लागतील याचा हिशेब साळूबाईनं मनात करून पाहिला. पण हाकायचा तरी हात लागलाच असता. कारकून मात्र भला माणूस. त्यानं साताऱ्यातल्या अशाच एका मंडळाचा पत्ता लिहून दिला आणि आगगाडीत कुठं उतरायचं तेही दोनदा सांगितलं. "घोड्याला हद्द कुटं कळतीया," असं म्हणत तिनं कागद कनवटीला लावला.

घरी जायचं सोडून ती साताऱ्याला गेली. एका माडीवर खाकी कोटातला, पिकल्या मिशांचा माणूस बसला होता. हरिबा घाडगे त्याचं नाव, गाव मेढ्याकडचं. वीस वर्षं रिसाल्यात घोड्यांच्या दवाखान्यात काढलेली. कोटाला मंडळाचा पितळी बिल्ला. त्यानं फिर्यादीचा कागद पुढं ओढला.

"घोड्याला मारतं कोन?"

"कुनी न्हाई."

"वझं लय लादत्यात?"

"कुनी बसतसुदिक न्हाई त्येच्यावर."

"मग तक्रार कसली, बाई?"

"कुनीच काय करत न्हाई, हीच तक्रार."

हरिबानं मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. "रिसाल्यात मी मारलेली घोडी कमी बघितली," तो म्हणाला, "इसरलेली लय बघितली. सांगा."

मग तिनं सांगितलं. नाकाडावर मोरकी कुठं रुतलीय, कुठल्या खुराला भेग पडलीय, तो कुठल्या कुशीवर टेकतो, पाणी पिताना किती वेळा थांबतो, सगळं सांगितलं. चार हातांवरून तिनं किती बघितलं होतं ते तिचं तिलाच त्या दिवशी कळलं. मालक कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, "खंडोबा देव." हरिबानं कागदावर खंडोबा लिहिलं, क्षणभर विचार केला आणि खोडलं. घोडा देवाला दिला कुणी, हे त्यानं विचारलं नाही आणि साळूबाईनं सांगितलं नाही. खाली तिचा अंगठा घेतला.

पौषातल्या पहिल्या रविवारी हरिबा सायकल दामटत खैरवाडीत आला. रविवार देवाचा वार, सगळा गाव देवळाशी जमलेला. खाकी कोट बघून लोकांना वाटलं, भरतीवाला आला. त्यानं कुणाला काही न विचारता पडकी भिंत शोधली. अर्ध्या घटकेत सगळा गाव भिंतीभोवती.

हरिबानं घोड्याचे चारी पाय उचलून पाहिले. मोरकीवर बोट फिरवू लागला तर मोरकी हाताला लागेना. नाकाडावर मांस वर आलं होतं आणि दोरी त्याच्या आत होती. त्यानं पिशवीतनं कात्री काढली. तसे लालासाहेब पाटील पुढं झाले. माणूस मोठा सभ्य.

"सायेब, च्या घ्या, जेवून जावा. पर ह्या घोड्याला हात लावू नगा. देवाचा हाय. लोखंड तर अजाबात चालत न्हाई."

"मालक कोन ह्येचा?"

"मार्तंड," केरबा गुरव हात जोडून म्हणाला.

"मग त्येची सही आना."

लोक हसले. हरिबा हसला नाही. त्यानं कात्री तशीच हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे बघा, मालक दाखवा, मी त्याच्यावर खटला भरतो आन जनावर दवाखान्यात नेतो. मालकच न्हाई म्हनाल तर मी गावाच्या मनाविरुद्ध न्हेऊ शकत न्हाई, चोरी केली म्हनशीला. आन देवाला आरोपी करायचा कागद सरकारनं छापलेला न्हाई. पर एक सांगतो. दोरी हाडापातूर गेलीया. श्वास घेतो तवा आवाज येतोय, आयका. ह्यो महिना काढत न्हाई."

लोकांनी कान दिला. आवाज येत होता. बारीक शिट्टीसारखा, आत घेताना आणि बाहेर सोडताना. गाव वर्षभर त्या घोड्याला हात जोडत आलं होतं. त्याचा श्वास आज पहिल्यांदा ऐकत होतं.

"आपुन कौल लावू," केरबा म्हणाला. "देवालाच इचारू."

"कौल नगं."

आवाज मागनं आला. साळूबाई गर्दीतनं पुढं आली. परका माणूस येईल, शिवेल आणि आपण नामानिराळ्या राहू, ही तिची वाट इथं संपली होती, हे तिला कळलं होतं.

"घोडा माझा हाय," ती म्हणाली.

पाटील दचकले. "साळूबाई, दिलास की तू. समद्या गावानं बघितलंय."

"दिला व्हता. आता परत मागती."

"आगं, पोरगं लढाईवर हाय तुजं!" केरबा ओरडला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. जोतीराम लहानपणी त्याच्याच ओट्यावर खेळलेला.

"म्हाईत हाय मला. तुमच्यापरीस लय म्हाईत हाय."

उद्या तार आली तर गाव काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं. आणि गावाच्या आधी आपणच आपल्याला काय म्हणू तेही ठाऊक होतं. जोतीरामाचं तोंड डोळ्यापुढं आलं आणि हलेना. पण त्याच्या जिवासाठी हा दुसरा जीव तीळ तीळ मरतोय, आणि त्याला मारणारा देव नव्हे, आपण आहोत, हे तिला दिसलं होतं. एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करणं तिला कधीच जमलं नव्हतं.

हरिबानं कागद काढला. "फिर्यादी साळूबाई. मालक साळूबाई." तो अडखळला. "बाई, जनावराचे हाल केल्याबद्दल जो मालक, तोच आरोपी. असं लिहावं लागंल."

"मंग लिवा की. खोटं हाय का?"

फिर्यादीच्या जागी एक आणि आरोपीच्या जागी एक, असे दोन अंगठे तिनं उमटवले. आजवरच्या नोकरीत असा कागद हरिबानं पाहिला नव्हता. त्यानं तो दोनदा वाचून घडी घातली.

"आता धरा त्याला," तो म्हणाला. "तुमचा हाय, तुमीच धरा."

साळूबाईनं हात पुढं केला. वर्षानंतर पहिल्यांदा. घोड्यानं कान मागं टाकले आणि तो अंग चोरून भिंतीला चिकटला. त्या हातात काठी असते हे त्याला तिनंच शिकवलं होतं. तिनं पुन्हा हात पुढं केला, तर तो थरथर कापायला लागला.

तेव्हा साळूबाई रडली. नवरा गेला त्यानंतर गावासमोर ती पहिल्यांदाच रडली. गर्दीतनं केरबा गुरव हळूच पुढं आला, भंडाऱ्याचे पिवळे हात धोतराला पुसले आणि घोड्याची मान धरली. हरिबानं कात्री चालवली. पाटलांनी आधी मान फिरवली, मग गरम पाणी आणायला माणूस धाडला. मोरकी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. घोड्यानं लांब श्वास घेतला तो सगळ्या गावानं ऐकला.

त्याच दुपारी हरिबा घोडा घेऊन दवाखान्याकडं चालत निघाला. आठ दिवसांनी वडूजला खटल्याची तारीख पडली. शिपायानं फिर्यादी साळूबाईचा पुकारा केला, ती एका बाजूला उभी राहिली. मग आरोपी साळूबाईचा पुकारा केला, ती दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. मॅजिस्ट्रेटनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, समज दिली आणि सोडून दिलं. "कुठल्या बाजूनं जाऊ?" असं तिनं विचारलं म्हणतात, पण खैरवाडीचे लोक गोष्ट सांगताना थोडं पदरचं घालतात.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचे दोन महिने नव्हते. विहिरीवर ती आली की बायका गप्प होत. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण टपालवाला दिसला की सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळत. रात्री तिला झोप लागेना. घोडा परत द्यावा का, असं पाच-पन्नास वेळा मनात आलं असेल. दिला नाही.

माघात पत्र आलं. मास्तरांनी लिफाफा फोडला.

"आधी तारीख वाचा."

"नऊ जानेवारी."

"आपला रैवार कवा व्हता?"

"कुठला?... घोड्याचा? अठरा जानेवारी."

"मंग हे आधीचं," ती म्हणाली आणि आत काय लिहिलंय ते नीट न ऐकताच उठली. नऊ तारखेला तो सुखरूप होता, तेव्हा घोडा देवाचाच होता. त्या पत्राचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

फाल्गुनात हरिबानं घोडा आणून दिला. अंगावर मांस आलेलं, खूर तासलेले, नाकाडावर बिनकेसांचा पट्टा. साळूबाई भाकरी घेऊन पुढं गेली, तो मागं सरला. तिनं भाकरी जमिनीवर ठेवली आणि दहा पावलं मागं जाऊन बसली. मग त्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी नऊ पावलं. असं करत करत ती रोज एक पाऊल पुढं बसायची. कधी त्याचं बिनसलं की पुन्हा दोन मागं. सगळी कामं टाकून ती त्याची वाट बघत बसायची, आणि त्याला काही घाई नव्हती. असंच एकदा बसलेली असताना मास्तर स्वतः पळत आले. पत्रावर तारीख होती फेब्रुवारीची वीस. जोतीरामाच्या पायाची दोन बोटं बर्फानं गेली होती, बाकी सगळं ठीक. साळूबाईनं तारीख तीनदा वाचून घेतली. मग मास्तरांना म्हणाली, "जरा दम धरा, त्यो खातोय." आणि तोंडाला पदर लावून तिथंच बसून राहिली.

ज्येष्ठात जोतीराम आला. किंचित लंगडत. तोपर्यंत घोडा विहिरीवरचं पाणी वाहायला लागला होता आणि साळूबाईच्या हातानं खायला लागला होता. मात्र हात वरनं आणलेला त्याला अजून चालत नसे, खालनंच आणावा लागे. जोतीरामानं नाकाडाचा पट्टा बोटानं चाचपला. आईनं काय केलं ते त्याला सगळ्या गावानं आधीच सांगितलं होतं. तो इतकंच म्हणाला, "आये, तुला भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं," ती म्हणाली. "अजून वाटतंय."

दोन बोटं गेली तरी पलटणीनं त्याला सोडलं नाही. नागपंचमी झाली आणि बोलावणं आलं. जायच्या दिवशी सकाळी मायलेक देवळात गेले. केरबानं जोतीरामाच्या कपाळाला भंडारा लावला, आणि तो बाहेर पडल्यावर साळूबाईला हळूच विचारलं. सगळ्या गावाला जे विचारायचं होतं तेच त्यानं विचारलं.

"ह्या टायमाला काय बोललीस देवाला?"

"काय न्हाई. पोरगं चाललंय, एवढं सांगितलं."

केरबा पुढचं ऐकायला थांबला. पण साळूबाई देवळाबाहेर पडली. मोटारीची वेळ झाली होती, आणि ट्रंक घोड्यावर घालायची होती.